हिंदीतला क्षार वेगळा, मराठीतला वेगळा: जिप्सम टाकण्याआधी एवढं वाचा

मंडळी, परवा आमच्या नागापूरला एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर राहुरीकडचे एक पाहुणे भेटले. ऊसवाले, साठीच्या पुढचे. खिशात माती परीक्षणाचा कागद, त्यावर लिहिलेलं: ‘विद्राव्य क्षार जास्त’. पोराने मोबाईलवर हिंदी व्हिडिओ शोधून दिला, ‘क्षारीय मृदा में जिप्सम डालें’. दादांनी ट्रॉलीभर जिप्सम टाकलं. वर्ष गेलं, फरक काडीचा नाही. “बोगस माल दिला हो,” म्हणाले.

मी कागद पाहिला. सामू 8.5 च्या आत, विद्युत वाहकता मात्र 4 च्या पुढे. माल बोगस नसावा. दादांना शब्दाने फसवलं.

आपण शाळेत शिकलो की आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. म्हणजे मीठ, मोरचूद, सोरा, सगळे क्षारच. हिंदी पुस्तकात याच धड्याचं नाव ‘अम्ल, क्षारक एवं लवण’. त्यांचं लवण म्हणजे आपला क्षार, आणि त्यांचा क्षार म्हणजे आपला अल्क, कॉस्टिक सोड्याच्या जातीचा. गंमत म्हणजे आपल्याच मराठी विश्वकोशातही ‘लवणे’ हाच शब्द आहे. शाळेचं पुस्तक एक म्हणतं, कोश दुसरं. पोरांनी काय करायचं?

जुन्या अर्थाने पाहिलं तर हिंदीवाले चुकीचे नाहीत. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा अकरावा अध्याय क्षार करण्याच्या कृतीचाच आहे. मोखा वगैरे झाडं जाळायची, राख पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवायचं. जास्त जहाल हवा तर भाजलेले शंख-शिंपले त्यात घालायचे. मांस जाळणारा पदार्थ तो, मिठाशी त्याचा संबंध नाही. भगंदरावर आजही वापरतात ते क्षारसूत्र याच अर्थाचं. अरबी ‘अल-कली’ हाही राखेचाच शब्द, त्यावरून पुढे अल्कली आलं.

मराठी माणसाच्या तोंडी मात्र ‘खार’ दोन्हीकडे चालला. पापडखार, सज्जीखार, टाकणखार हे एकीकडे. खारं पाणी, खारे दाणे दुसरीकडे. घरी करून बघा: ओल्या हळदीवर चिमूटभर पापडखार टाकला की ती लालसर होते, मिठाने होत नाही. पापडखारात सोडियमचे कार्बोनेट-बायकार्बोनेट असतात. रसायनशास्त्राच्या हिशेबाने तेही क्षारच, फक्त कमजोर आम्लापासून झालेले, म्हणून पाण्यात अल्काचा गुण दाखवतात. जुना आणि नवा अर्थ इथे एकाच पुडीत सापडतात.

पण रानात ही सरमिसळ महाग पडते. क्षारयुक्त जमीन म्हणजे जिथे उन्हाळ्यात वर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. तिथे चर काढून निचरा करायचा आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे, जिप्समचं काम नाही. चोपण जमीन वेगळी. तिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो, सामू 8.5 च्या वर जातो, पावसात चिखल आणि वाळली की दगड. तिथे जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, मग तो पाण्याबरोबर जातो, अर्थात निचरा असेल तरच. हिंदीत पहिली लवणीय, दुसरी क्षारीय. व्हिडिओ दुसरीचा होता, दादांचं रान पहिलीचं. आपल्या आजोबांनी ‘चोपण’ हा वेगळा शब्द ठेवला होता, आपण तो विसरत चाललोय.

हे दुखणं आजचं नाही. नीरेच्या कालव्याखालच्या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि तांहणे यांनी 1910 मध्येच शेतीखात्यासाठी पुस्तिका लिहिली होती. भंडारदरा धरण पुरं झालं 1926 साली, म्हणजे त्यानंतर. प्रवरेकाठी पाटपाणी आणि ऊस वाढला, निचऱ्याकडे लक्ष गेलं नाही, आणि राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावकडे पांढरी रानं दिसायला लागली.

माझी मागणी छोटी आहे. माती परीक्षणाच्या कागदावर नुसतं ‘क्षार जास्त’ लिहू नका. जमीन क्षारयुक्त आहे की चोपण, हे ठळक अक्षरात छापा आणि खाली उपाय एका ओळीत द्या.

दादा आता चर काढायला निघालेत. चराचं पाणी ज्या ओढ्याला सोडायचं, तो शेजाऱ्याच्या बांधापलीकडे आहे. तिथलं भांडण अजून मिटायचंय.