बंदुकीचा कान : मागे येणाऱ्या आगीचा ५०० वर्षांचा इतिहास

#इतिहास #थ्रेड

(१/२३) बंदुकीची गोळी पुढे जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पेटलेल्या दारूचा काही अंश नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे उलटा येतो, याची चर्चा क्वचितच होते. ही उलटी आग अडवण्याची धडपड म्हणजे बंदुकीच्या घडणीचा निम्मा इतिहास. भारतीय शेतकऱ्याच्या बाबतीत तो अद्याप संपलेला नाही.

(२/२३) भोरजवळचे उत्रोली, त्या परिसरावर पहारा देणारा रोहिडा ऊर्फ विचित्रगड आणि खोऱ्यातून वाहणारी नीरा. हा मुलूख जुन्या रोहिडखोऱ्याचा. अशा डोंगरी गावातील शेतकऱ्याने पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मागितला, तर कायदा त्याच्यापुढे सर्वप्रथम ठेवतो ती ‘ठासणीची बंदूक’.

(३/२३) ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छर्रे नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासतात. नळी मागून कायमची बंद असते. मग आतली दारू पेटणार कशी? त्यासाठी मागच्या टोकाशी एक बारीक भोक ठेवलेले असते. त्याला म्हणतात ‘कान’.

(४/२३) तोफेलाही कान असतोच. माघार घेताना तोफा शत्रूच्या कामी येऊ नयेत म्हणून त्यांच्या कानात खिळे मारत. एवढेसे भोक बुजले की अजस्र तोफ निकामी होई. मात्र ज्या वाटेने ठिणगी आत जाते, त्याच वाटेने दाबाखालचा तप्त वायू बाहेर येतो. साऱ्या अडचणीचे मूळ इथे आहे.

(५/२३) हे शस्त्र पश्चिम किनाऱ्यावर फार लवकर रुजले. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला कळवले की, गोव्याचे कारागीर बोहेमियातील कारागिरांच्या तोडीच्या बंदुका घडवतात. म्हणजे नळी आणि कान घडवण्याचे कसब इथल्या हातांत तेव्हाच होते.

(६/२३) त्या काळची बंदूक तोड्याची. कानाबाहेर एक छोटी वाटी, तिच्यात बारीक दारू म्हणजे ‘रंजक’. धुमसत्या दोरीचे नाव ‘जामगी’. चाप ओढला की जामगी रंजकेवर टेके, रंजक भडके आणि तिची ज्वाळा कानातून आत शिरून मुख्य बार उडे. हे सारे घडे नेम धरणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर.

(७/२३) रंजकेचा भडका वर उठे आणि पाठोपाठ मुख्य बाराचा वायू कानातून बाजूला झोत मारी. भुवया करपणे, डोळ्यांत कण जाणे, दाढीवर ठिणगी पडणे हे बंदूकधाऱ्याच्या रोजच्या कामातले धोके होते. पुष्कळ भारतीय तोडेदार बंदुकांना साखळीने अडकवलेली एक सुई दिसते. ती कान साफ करण्यासाठी.

(८/२३) कानाचे माप हे नाजूक गणित होते. भोक फार बारीक असले तर काजळीने बुजे. रंजक भडके, पण बार उडत नसे. भोक मोठे असले तर गोळीचा जोर घटे आणि उलटी आग वाढे. शिवाय दर बारागणिक तप्त वायू कानाच्या कडा झिजवी, म्हणून आज नीट असलेला कान काही हंगामांनी सैल पडे.

(९/२३) युरोपात यावर एक तोड निघाली. तोफेच्या झिजलेल्या कानात तांब्याची नवी गुडदी बसवायची आणि तिच्यात पुन्हा योग्य मापाचे भोक पाडायचे. तोफ तीच राही, कान नवा होई. झिजणारा भाग वेगळा काढता यावा, हा विचार पुढे फार उपयोगी पडला.

(१०/२३) आता रोहिडखोऱ्याकडे. राजाराम महाराज जिंजीस असताना महाराष्ट्रात राज्य सांभाळणाऱ्यांत रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण सचिव हे दोघे प्रमुख. भोर संस्थानाचे मूळ पुरुष ते हेच शंकराजी. रामचंद्रपंतांच्या नावावर असलेल्या ‘आज्ञापत्रा’त (१७१५ च्या सुमारास) गडावरील दारूखान्याविषयी बारीक सूचना आहेत.

(११/२३) दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, त्याला भोवती आडोसा असावा, दारू ओलीपासून जपावी, हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी येऊन ती बाहेर काढवावी, वाळवावी आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावी, असा त्यांचा आशय. दारू शत्रूइतकीच आपल्या माणसांनाही घातक ठरते, याचे भान या सूचनांत स्पष्ट दिसते.

(१२/२३) पुढे गारगोटीची, म्हणजे चकमकीची बंदूक आली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारदीच्या पलटणी याच पद्धतीच्या बंदुकांनी लढल्या. जामगी गेली, रंजकेची वाटी आणि उघडा कान मात्र राहिला. वाटी उजव्या बाजूस असल्याने दाट रांगेत कानाचा झोत उजवीकडच्या सोबत्याला लागे.

(१३/२३) ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूच्या अरबांकडे तोड्याच्या आणि कंपनीच्या पलटणींकडे गारगोटीच्या बंदुका होत्या. जय-पराजयाची कारणे अनेक. पण उलट्या आगीपुरते पाहिले तर दोन्हीकडचे शिपाई एकाच अवस्थेत होते. दोघांच्याही गालाशी कान उघडाच होता.

(१४/२३) बदल घडवला तो स्कॉटलंडच्या एका धर्मोपदेशकाने. अलेक्झांडर फोर्सिथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकेचा भडका दिसताच पक्षी उडून जात. आघाताने पेटणारे रसायन वापरून त्यांनी वाटीतली रंजकच काढून टाकली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतले. पुढे त्यातून तांब्याची ‘केप’ प्रचारात आली.

(१५/२३) १८३४ मध्ये वूलिच येथे दोन्ही पद्धतींच्या प्रत्येकी ६००० बारांची चाचणी झाली. गारगोटीची बंदूक ९२२ वेळा फुसकी निघाली, केपेची अवघी ३६ वेळा. पावसाळी प्रदेशात या फरकाचे मोल किती, हे मावळात कोणाला सांगावे लागू नये.

(१६/२३) केपेच्या बंदुकीत कानाला एक पोकळ पोलादी ‘निपल’ जोडलेली असते. तिच्यावर केप बसते आणि केपेवर घोडा आपटतो. घोडाच बार उडताना कानावरचे झाकण होतो. पण घोडा आणि निपल यांत फट राहिली, तर फुटक्या केपेचे तांब्याचे तुकडे आणि वायू मागे येतात. म्हणूनच घोड्याचे तोंड खोलगट घडवू लागले.

(१७/२३) निपलचे भोक झिजून मोठे झाले की वायूचा दाब घोड्यालाच मागे ढकलतो. झाकण उघडते आणि झोत थेट चेहऱ्याकडे येतो. यावर उपाय तोफेच्या गुडदीसारखाच आहे. निपल आट्यांवर बसवलेली असते, ती काढून नवी लावायची. वस्तू लहान असली तरी डोळा वाचतो तो तिच्यामुळे.

(१८/२३) १८५७ च्या संदर्भात एन्फिल्डच्या काडतुसावरील चरबीची चर्चा होते. ती रायफलही ठासणीची आणि केपेचीच होती. त्यानंतर जग झपाट्याने मागून भरण्याच्या बंदुकीकडे वळले. प्रशियाच्या ड्रायझे बंदुकीच्या सांध्यातून इतका वायू येई की शिपाई ती खांद्याऐवजी कमरेशी धरून झाडत. फ्रेंचांनी सांध्याला रबरी कडे लावले, तेही जळून तडके.

(१९/२३) उत्तर मिळाले ते पितळेत. १८६६ मध्ये इंग्रज सैन्याने स्वीकारलेल्या स्नायडर बंदुकीसाठी बॉक्सर यांनी पितळी कोशाचे काडतूस केले. बार उडताच कोश क्षणभर फुगतो, नळीला चिकटतो आणि मागची वाट बंद करतो. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीस दारूगोळ्याचा सरकारी कारखानाही उभा राहिला.

(२०/२३) सैन्यापुरता प्रश्न मिटला. प्रजेसाठी १८७८ चा शस्त्र कायदा आला. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्यातही कलम १३ नुसार पीकसंरक्षणासाठी द्यायची ती ठासणीचीच बंदूक. ती अपुरी आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी. एका बाराची, सावकाश भरावी लागणारी बंदूक गुन्ह्याच्या कामी कमी येते, असा हिशेब यामागे दिसतो.

(२१/२३) अमेरिकेतही ठासणीची रायफल टिकली, पण हौसेने. तिथे तिच्यासाठी शिकारीचा वेगळा हंगाम असतो. १९८५ च्या नाइट एमके-८५ पासून पेटवण मागे, नळीच्या सरळ रेषेत आले. आता अनेक रायफलींत ‘२०९’ प्रायमर वापरतात. तो आणि खटका यांत बारीक फट, म्हणजे ‘हेडस्पेस’, जास्त राहिली की काजळी मागे येते. पातळ चकत्या घालून किंवा मागची गुडदी जुळवून ती फट मिटवतात. घोडा आणि निपल यांचेच हे गणित.

(२२/२३) तिथला हौशी माणूस हे काम घरच्या टेबलावर करतो. भारतात १९५९ च्या कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. उत्रोलीसारख्या गावातल्या लोहाराचा हात कितीही तयार असला, तरी झिजलेली निपल बदलणे त्याच्या अधिकारात नाही. परवानाधारक कारागीर बहुधा शहरात. रानडुक्कर मारायचे तर वनखात्याची परवानगी वेगळीच. शेतकऱ्याच्या हाती जुने तंत्र कायद्यानेच दिले. ते तंत्र सुरक्षित ठेवणारी दुरुस्ती मात्र त्याच्यापासून दूर राहिली.

(२३/२३) पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा अन्यत्र जुनी बंदूक पाहण्याचा योग आला, तर दस्त्यावरच्या नक्षीबरोबर नळीचा मागचा भागही पाहावा. कानाभोवती बारीक खड्डे पडलेले असतील, तर ते उलट्या आगीने लोखंड खाल्ल्याच्या खुणा आहेत. त्या जागेपासून वीतभर अंतरावर कोणाचा तरी डोळा असे. लढायांच्या वर्णनांत त्या माणसाचे नाव सहसा सापडत नाही. #थ्रेड_समाप्त