जाम्याचे बंद : घरच्या शिवणयंत्रावर इतिहासाचा एक धडा



शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की घराघरांत एकच गडबड उडते. कुणाच्या वाट्याला मावळा येतो, कुणाच्या वाट्याला सुभेदार, तर कुणाला खानसाहेब व्हावे लागते. राजूर हे अकोले तालुक्यातील डोंगराकडचे बाजाराचे गाव. इथून भाड्याचा ऐतिहासिक पोशाख आणायचा तर संगमनेर किंवा नाशिकची वाट धरावी लागते. एवढी पायपीट करून पदरात काय पडते? मावळ्याला भगवे कापड, खानाला हिरवी नाहीतर काळी चमचमती शेरवानी आणि हनुवटीला डिंकाने चिकटवलेली दाढी. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पडदा पडतो, आणि दोन माणसे जणू दोन वेगळ्या जगांतून आली होती, अशी समजूत मुलांच्या मनात पक्की शिवली जाते. आपल्या मुलाला नेहमी तोच वेष मिळतो म्हणून त्याला रंगमंचापासून दूर ठेवणारे पालकही असतात.

ही समजूत किती खरी आहे, हे कापडाच्या साक्षीनेच तपासून पाहू या.

पहिली गोष्ट शेरवानीची. अफझलखानाचा मृत्यू १६५९ सालचा. गळ्यापासून खाली मधोमध बटणे असलेली, अंगाबरोबर बेतलेली शेरवानी ही एकोणिसाव्या शतकातली. अंगरखा, अचकन यांसारखी जुनी वस्त्रे आणि विलायती लांब कोट यांच्या मिलाफातून ती घडली. खानाच्या अंगावर शेरवानी घालणे म्हणजे त्याच्या मनगटावर घड्याळ बांधण्यासारखेच आहे. शेरवानी शोभते ती हैदराबादेत जन्मलेल्या आणि १९६७ साली राष्ट्रपती झालेल्या डॉ. झाकिर हुसेन यांच्या भूमिकेला. पंडित नेहरूही अचकन वापरीत. तेव्हा हा वेषही कुणा एका जमातीचा म्हणता येत नाही.

मग सतराव्या शतकात दख्खनच्या दरबारात काय घालीत? त्याचे उत्तर त्या काळच्या चित्रांत मिळते. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर १६२६ साली वारला. सतराव्या शतकाच्या आरंभीचे त्याचे एक चित्र अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे. अंगात पातळ पांढरा जामा, कमरेला पटका, पायांत विजार, डोईला पागोटे. छत्रपती शिवाजी महाराजांचे १६८० च्या सुमाराचे दख्खनी शैलीतील एक चित्र हॉलंडमध्ये अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात जपले आहे. तेथेही जामा, पटका आणि पागोटेच आहे. कापडाची वेलबुट्टी, पागोट्याची बांधणी, अलंकार यांत फरक दिसतो. पण शिंप्याने धरलेला बेत एकच आहे.

फरक होता तो एका लहानशा गोष्टीत. जाम्याचा पुढचा भाग छातीवरून आडवा जाऊन काखेखाली बंदांनी बांधला जाई. मुघल काळातील चित्रांत सर्वसाधारणपणे मुसलमानांचे बंद उजव्या काखेखाली आणि हिंदूंचे डाव्या काखेखाली दिसतात. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त याविषयी मोठी उद्बोधक नोंद आहे. तकौचिया नावाचा बिनअस्तरी हिंदी जामा पूर्वी घेराला चिरा ठेवून शिवीत आणि तो डावीकडे बांधीत. अकबराने तो गोल घेराचा करवला आणि बंद उजवीकडे आणले. त्याला ७ गज ७ गिरह कापड लागे, बंदांच्या पट्टीला आणखी ५ गिरह, आणि साध्या जाम्याची शिलाई १ ते ३ रुपये पडे. (१६ गिरह म्हणजे १ गज.) बादशहानेही जामा टाकून दिला नाही, त्याचा घेर आणि बंद तेवढे बदलले. दोन समाजांच्या वेषांत अंतर होते ते काही बोटांच्या बंदाचे!

आपली भाषाही हेच सांगते. सुई, दोरा, कात्री हे शब्द संस्कृतातून चालत आलेले. अस्तर, खिसा, सदरा, पायजमा हे फारसी-अरबीकडून आलेले. काज आणि इस्त्री ही पोर्तुगीजांची देणगी. सदऱ्याला काज करताना यांतला कोणता शब्द कुणाचा, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. मुस्लिम परंपरेत शिवणकामाचे आद्यत्व हजरत इद्रीस अलैहिस्सलाम यांच्याकडे जाते, तर महाराष्ट्राचे लाडके संत नामदेव शिंपी कुळातले. सुईच्या कामाला दोन्हीकडे मान आहे.

तेव्हा पालकहो, भाड्याचा वेष आणण्यापेक्षा घरच्या शिवणयंत्रावर जामा शिवून पाहा. काम वाटते तितके अवघड नाही.

कापड सुती, पांढरे आणि पातळ घ्यावे. जुने धोतर किंवा धुऊन मऊ झालेली चादर उत्तम. चकचकीत सॅटिनचा मोह टाळावा. छाती, कंबर, हाताची लांबी आणि कमरेपासून पोटरीपर्यंतची उंची, एवढी मापे पुरतात. वरच्या भागात पाठीचा एक तुकडा आणि पुढचे दोन. त्यांपैकी वर येणारा तुकडा छातीवरून पलीकडच्या काखेपर्यंत पोहोचेल इतका रुंद हवा. खालच्या घेरासाठी कळ्या कापाव्यात. लांबट चौकोनी तुकडा एका बाजूला वर अरुंद आणि दुसऱ्या बाजूला खाली अरुंद असा तिरका कापला की दोन कळ्या निघतात आणि चिंधीसुद्धा वाया जात नाही. जोडताना एका कळीची तिरपी कड दुसरीच्या सरळ कडेला लावावी. तिरपी कड तिरपीला जोडली तर ती ताणली जाऊन घेर लोंबतो. बाही अरुंद आणि हातापेक्षा वीतभर लांब ठेवावी, म्हणजे मनगटाशी चुण्या पडतात. शेवटी काखेशी आणि कमरेशी बंद लावावेत. पटक्यासाठी आईच्या जुन्या साडीची लांब पट्टी घ्यावी आणि पदराची नक्षी टोकाला येऊ द्यावी.

मावळ्यासाठी कमरेपर्यंतची बाराबंदी पुरे. बंदांच्या सहा जोड्या, म्हणून बाराबंदी. खेड्यापाड्यांतून ती विसाव्या शतकापर्यंत वापरात होती. एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारकाची भूमिका असेल तर मात्र कोट हवा. वडिलांचा जुना कोट उसवून मुलाच्या मापाने बेतावा, समोरच्या पल्ल्यात बकरम घालावे म्हणजे तो ताठ बसतो, आणि आतून जुन्या साडीचे अस्तर लावावे.

विद्यार्थ्यांनो, हे काम तुम्हीही शिका. मुलगे असाल तरी. कळी कापताना भूमिती कळते, गज आणि गिरह मोजताना अंकगणित, आणि बंद कोणत्या बाजूला लावायचा हे ठरवताना इतिहास. या कामाला मोठी वाटही आहे. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी 'गांधी' चित्रपटाची वेशभूषा केली आणि १९८३ साली ऑस्कर पारितोषिक मिळवले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

मात्र पोशाख बेतताना एक पथ्य पाळावे : जे चित्र पाहून शिवायचे, ते कोणत्या काळचे आहे हे आधी विचारावे. चांदबीबीची हाती ससाणा घेतलेली घोड्यावरची चित्रे प्रसिद्ध आहेत. तिने १५९५-९६ च्या वेढ्यात अहमदनगरचा किल्ला लढवला आणि १६०० साली ती मारली गेली. ती चित्रे मात्र बहुतेक अठराव्या शतकातली आहेत. ती पाहून मुलीचा वेष शिवायला हरकत नाही. पण हा चित्रकाराच्या कल्पनेतला वेष आहे, एवढे तिला सांगून ठेवावे.

आता प्रश्न उरतो प्रवेश कोणता बसवायचा याचा. त्यासाठी दूर जायला नको. राजूरच्या शेजारी संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा किल्ला आहे. दौलताबाद पडल्यावर, १६३३ च्या सुमारास, शहाजीराजांनी याच गडावर निजामशाही घराण्यातील एका लहान मुलाला, मुर्तजाला, गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने राज्य चालवले. पुढे १६३६ साली ते राज्य संपले. पण तीन वर्षे एका मराठा सरदाराने एका पोरक्या शहाजाद्याचे छत्र सांभाळले, ही गोष्ट आपल्याच मातीतली आहे. शिवछत्रपतींच्या आरमारातील दौलतखान आणि त्यांचे मुनशी काझी हैदर हेही रंगमंचावर येण्याची वाट पाहत आहेत.

या वर्षी पेमगिरीचा प्रवेश बसवा. शहाजीराजे आणि बाल निजामशहा या दोघांचे जामे एकाच ताग्यातून बेता. एकाचे बंद डावीकडे लावा, दुसऱ्याचे उजवीकडे. कोणती भूमिका कुणाच्या मुलाने करायची, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. पडदा उघडला की प्रेक्षकांना काही समजावून सांगावे लागणार नाही. आणि ज्या मुलांनी ते दोन जामे शिवले असतील, त्यांना तर ते जन्मभर कुणी सांगावे लागणार नाही.