कसबा पेठेतील परसबाग

परसबाग म्हणजे घराच्या परसात, अर्थात मागील अंगणात, घरगुती वापरासाठी केलेली भाज्या, फळे, फुले व औषधी वनस्पतींची लागवड होय. पुण्याच्या कसबा पेठेत पूर्वी ही बाग वाड्यांच्या परसात असे. आज ती मुख्यतः गच्ची, सज्जा व खिडकीत आढळते.

इतिहास

जुन्या वाड्यांच्या चौकात तुळशी वृंदावन व मागे परस असे. न्हाणीघर व मोरीचे सांडपाणी अळू, केळ व कर्दळ यांना मिळत असल्याने पाण्याचा पुनर्वापर सहज होई. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून मुठा नदीला आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे पडले. पुढील दशकांत वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि परस आक्रसत गेले. परस गेले तरी बागेची हौस टिकली व ती कुंड्यांत आली.

स्वयंपाकघरातून लागवड

बियाणे विकत न आणताही अनेक रोपे तयार करता येतात.

आले व हळद : डोळे फुटलेले कंद साधारणतः अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावतात. सुमारे आठ-नऊ महिन्यांनी पाने पिवळी पडून वाळली की कंद काढतात.

पुदिना : निवडताना उरलेल्या काड्या पाण्यात ठेवल्यास त्यांना मुळे फुटतात.

कोथिंबीर : धणे हलके रगडून, दोन भाग करून पेरतात.

लसूण : पाकळ्या टोक वर ठेवून लावल्यास पात मिळते.

भाज्यांची देठे, साली व वाळलेला पाला यांचे थर देऊन घरीच खत करता येते. ओल्या कचऱ्यावर वाळलेल्या पाल्याचा थर दिल्यास दुर्गंधी येत नाही. मर्यादित जागेत पालापाचोळा व सूर्यप्रकाश यांच्या आधारे उत्पादन घेण्याचा विचार कोल्हापूरचे प्रा. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' या चळवळीतून मांडला.

बागेतील जीवसृष्टी

जास्वंदीच्या फुलांवर मधासाठी शिंजीर येतो. बुलबुल, शिंपी, साळुंकी व खार यांचाही वावर असतो. लिंबू व कढीपत्ता यांच्या पानांवर काही फुलपाखरे अंडी घालतात. त्यांच्या लहान अळ्या पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या दिसतात व मोठेपणी हिरव्या होतात. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू 'नीलवंत' (घोषणा २०१५) हेही लिंबूवर्गीय झाडांवर वाढते. त्यामुळे अळ्या सरसकट मारू नयेत. वाड्यांच्या वळचणीत व भिंतींच्या भोकांत घरटी करणाऱ्या चिमणीला सिमेंटच्या इमारतींत जागा उरत नाही. तिच्यासाठी लाकडी घरटे व उथळ भांड्यात पाणी ठेवतात.

दक्षता

कुंड्यांखालील ताटल्या व पक्ष्यांच्या भांड्यांत साचलेले पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या डासांचे उत्पत्तिस्थान ठरते. आठवड्यातून एकदा तरी भांडी घासून कोरडी करावीत. गच्चीवर मोठे वाफे करण्यापूर्वी इमारतीची भार पेलण्याची क्षमता व जलरोधन तपासून घ्यावे.