गाणं शिकवणाऱ्याचा आरसा

स्वरतंतूच्या कर्करोगाची पायरी ठरवताना डॉक्टर गाठीला पट्टी लावत नाहीत. तंतू हलतोय का, हे पाहतात. रोग तंतूपुरताच आणि हालचाल शाबूत, तर टी१. हालचाल मंदावली किंवा रोग तंतूच्या वर वा खाली सरकला, तर टी२. स्वरयंत्रातच राहून तंतू जागीच जखडला, तर टी३. स्तनाची गाठ सेंटिमीटरमध्ये मोजतात, मग इथे हालचालीला एवढा मान कुठून आला?

माझं ठाम मत आहे, गाण्याच्या शिकवणीतून. मॅन्युएल गार्सिया हा स्पॅनिश गायनशिक्षक, गायिका जेनी लिंडचा गुरू. १८५४ मध्ये त्याने लांब दांडीचा दंतवैद्याचा आरसा गरम करून घशात पडजिभेपाशी धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचे स्वरतंतू उघडमीट करताना पाहिले. पुढच्याच वर्षी त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला.

यावर आक्षेप ठरलेला आहे: इंग्रज डॉक्टर बेंजामिन बॅबिंग्टनने १८२९ मध्येच असा आरसा दाखवला होता, आणि वैद्यकात तो रुजवला ट्युर्क व चेर्माक या डॉक्टरांनी. दोन्ही खरं. पण वैद्यांना घशातला आजार शोधायचा होता. गार्सियाला सूर कसा निघतो ते हवं होतं. म्हणून त्याचा निबंध तंतूंच्या हालचालींनीच भरलेला आहे. पुढे आरसा हाती घेणारा प्रत्येक डॉक्टर रुग्णाला ‘ई’ म्हणायला लावू लागला, तो गार्सियाचाच वारसा.

१९४० च्या दशकात फ्रान्सच्या पिएर दनुआने कर्करोगाच्या पायऱ्या ठरवणारी टीएनएम पद्धत मांडायला घेतली; टी१, टी२ या तिच्याच पायऱ्या. तिच्यात पुढे स्वरतंतूची हालचाल कसोटी म्हणून बसली, कारण आरशाने डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांची नजर आधीच त्या हालचालीवर खिळवली होती.

कसोटी टिकली ती मात्र स्वतःच्या बळावर. तंतू मंदावतो, तेव्हा रोग बहुधा खालच्या स्नायूत शिरलेला असतो. उलट टी१ मध्ये किरणोपचाराने किंवा लेझरने दहांतले साधारण नऊ रुग्ण रोगमुक्त होतात. तंतूच्या कडेला लसिकावाहिन्या फार थोड्या, त्यामुळे रोग मानेत सहसा पसरत नाही. शिवाय आवाज लवकर बसतो, म्हणून रोग लवकर उघडा पडतो. तेव्हा तीन आठवडे उलटूनही आवाज बसलेलाच असेल, तर काढे घेत थांबू नका. घसा दाखवून या.