नऊ धावांचा हिशेब

येरवड्याहून बंडगार्डनचा पूल ओलांडून शहराकडे निघाले की थोड्याच अंतरावर पूना क्लबचे मैदान लागते. रणजी करंडकाच्या १९४८-४९ च्या हंगामात या मैदानावर झालेल्या दोन सामन्यांचे धावफलक शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. एक मध्येच थांबतो. दुसरा अखेरच्या धावेपर्यंत जुळतो.

पहिला डिसेंबर १९४८ चा, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड सर्वबाद २३८, महाराष्ट्र ४ बाद ८२६. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, कमल भांडारकर २०५, दुसऱ्या गड्यासाठी दोघांची भागीदारी ४५५ धावांची. निंबाळकरांच्या नावापुढे ४९४ मिनिटे, ४९ चौकार, १ षटकार. सीमापार फटक्यांच्या धावा होतात २०२. म्हणजे उरलेल्या २४१ पळून काढलेल्या, आणि या खेळीचे गोडवे गाताना नेमकी हीच वजाबाकी सहसा कोणी करत नाही.

प्रथम श्रेणीचा तेव्हाचा विक्रम ब्रॅडमनचा होता: जानेवारी १९३०, सिडनी, क्वीन्सलँडविरुद्ध नाबाद ४५२. बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या, मागे टाकायला दहा. पण काठियावाडचा दुसरा डाव धावफलकात नाहीच. निकाल एवढाच, की काठियावाडने सामना सोडला.

इथवर सारे पक्के. का सोडला, हे आकडे सांगत नाहीत. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. विश्वविक्रम आपल्या संघाविरुद्ध नोंदला जाऊ नये म्हणून त्यांनी माघार घेतली, असे नंतरची कथने सांगतात. मला ते संभवनीय वाटते. ५८८ धावांनी मागे पडलेल्या संघाला सामना वाचण्याची आशा नव्हतीच, वाचवण्यासारखी उरली होती ती अब्रू. तरी हा पुरावा ऐकीव, हे विसरू नये.

याच कथनांत एक विसंगती आहे. तिसऱ्या दिवशी खेळ थांबला तो कुठे जेवणाच्या सुट्टीला, कुठे चहापानाला. इथे ती ४९४ मिनिटे कामी येतात. दिवसाचा खेळ साडेपाच तासांचा धरू (हे माझे गृहीतक, नोंद नव्हे). निंबाळकर पहिल्याच संध्याकाळी मैदानात उतरले असतील, तर दुसऱ्या दिवसाची ३३० मिनिटे वजा जाता १६४ उरतात. त्यांत पहिली संध्याकाळ आणि तिसऱ्या दिवसाचे दोन तास बसतात, चार तास बसत नाहीत. तेव्हा चहापानाची बाजू धरायची तर ते दुसऱ्या सकाळी, तीही खेळ सुरू झाल्यावर बऱ्याच वेळाने उतरले असे मानावे लागेल. माझा कौल जेवणाच्या सुट्टीला, पण तो गृहीतकावर उभा आहे.

दुसरा धावफलक मार्च १९४९ चा, मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्याचा. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४ वर डाव घोषित. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. बेरीज २३७६, गडी ३८. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातील धावांचा हा उच्चांक अजून मोडलेला नाही. मुंबईची एकूण आघाडी ९५८. त्यातून ६०४ वजा केले की ३५४, आणि मुंबईच्या विजयाचे अंतर तेवढेच नोंदलेले आहे.

या फलकातून न लिहिलेली एक गोष्टही वाचता येते. पहिल्या डावात २४४ ची आघाडी मिळूनही मुंबई पुन्हा फलंदाजीला आली आणि सातशेपार जाईपर्यंत थांबली नाही. घड्याळाचा धाक असलेला कर्णधार असे करत नाही. सामना निकाल लागेपर्यंत चालायचा होता, हे या दोन आकड्यांवरूनच कळते.

९५९ चे लक्ष्य समोर असताना महाराष्ट्राने शेवटचा गडी बाद होईपर्यंत बॅट खाली ठेवली नाही. सामन्यात नऊ शतके झाली. दोन्ही डावांत शतक काढणारे तिघे: मुंबईचे उदय मर्चंट व दत्तू फडकर, आणि पराभूत बाजूने मधुसूदन रेगे, १३३ व १००.