विंचू कोण उतरवतो?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी भंडारदऱ्यास गेलो होतो. संध्याकाळी यजमानांनी सरपणाची मोळी हलवली, तोच एक तांबडा विंचू नांगी उभारून बाहेर आला. त्याला चिमट्याने दूर टाकून ते म्हणाले, "माझा धाकटा भाऊ ह्यानंच गेला. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. मांत्रिक रात्रभर विंचू उतरवत होता. पहाटे पोराच्या तोंडाला फेस आला."

पुष्कळ दंश नुसत्या ठणक्याचे असतात. ते आपोआप उतरतात आणि श्रेय मंत्राला मिळते. मग पोरे दगावत ती कशाने? ह्याचा उलगडा सह्याद्रीपलीकडे, कोकणात झाला.

1976 साली हिंमतराव बावस्कर नावाचे मराठवाड्यातले तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी रात्री जागून ते टिपणे करीत: दरदरून घाम, वांती, बर्फासारखे हातपाय, चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसांत पाणी. विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमची दारे मिटू देत नाही. त्यामुळे तंतू एकसारखे निरोप धाडीत राहतात आणि अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट रक्तात येतो. पेशींवरची ग्राहके तो निरोप इमानाने पाळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या दाबापुढे हृदय थकते. म्हणजे घात होतो तो शरीराच्या स्वतःच्याच निरोपाने.

ह्या ग्राहकांचे आल्फा आणि बीटा असे दोन वर्ग अमेरिकेतील रेमंड अ‍ॅल्क्विस्ट ह्यांनी 1948 सालीच दाखविले होते. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांतील आल्फा ग्राहके अडवते. निरोप येतो, पण तो ऐकणारा कान बंद असतो. बावस्करांनी तेच आपल्या रोग्यांना दिले. 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अनुभव छापून आला. त्यांच्या रोग्यांत पूर्वी शेकडा 40 च्या घरात असलेले मृत्यू पुढे शेकडा 1 च्या आसपास आले. 2011 साली त्यांनी असेही दाखविले की, जोडीला प्रतिविष दिल्यास रोगी लवकर सावरतो.

हे सारे मी यजमानांना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "मग तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं?"

भाऊ गेला तेव्हा अ‍ॅल्क्विस्ट ह्यांचा निबंध छापून 23 वर्षे झाली होती. पेशीचे कान कुठे असतात, हे ग्रंथांत होते. विंचू चावलेल्या पोराच्या उशाशी ते ज्ञान घेऊन बसणारा माणूस मात्र अजून बिरवाडीला यायचा होता. हे त्यांना कसे सांगावे, ते मला सुचेना. बाहेर काळोखात प्रवरेचे पाणी कोसळत होते.