उबदार पांढरा : घराच्या भिंतींसाठी ‘ऑफ-व्हाइट’ छटा कशी निवडावी?

चतुर्थीपूर्वी घराला रंग देण्याची रीत गोमंतकात जुनी आहे. पूर्वी निवड सोपी होती. शिंपले भाजून केलेला चुना पाण्यात कालवायचा आणि कुंच्याने भिंतीवर ओढायचा. आज दुकानात गेले, की केवळ पांढऱ्याच्या डझनावारी छटा समोर येतात : हस्तिदंती, मोतिया, सायीसारखी, बदामीकडे झुकणारी. शेडकार्डावर त्या जवळजवळ सारख्याच दिसतात. भिंतीवर चढल्यावर मात्र एक प्रसन्न वाटते, दुसरी पिवळट, तर तिसरी मळकट. रंगकामाचा खर्च पुन्हापुन्हा करता येत नसल्याने हा फरक आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

उबदारपणा येतो कोठून?

आजच्या बहुतेक पांढऱ्या रंगांतील शुभ्रता टायटॅनियम डायऑक्साइड या रंगद्रव्यामुळे येते. या पांढऱ्यात पिवळा, तांबडा किंवा तपकिरी रंग अगदी अल्प प्रमाणात मिसळला, की तो उबदार होतो. निळा वा काळा मिसळला, की थंड होतो. जुन्या काळी सफेदीत नीळ घालत, ती चुन्याचा पिवळसरपणा झाकून भिंत अधिक शुभ्र दिसावी म्हणून. त्याच चुन्यात थोडी पिवडी घातली, की उलट परिणाम साधे. तत्त्व आजही तेच आहे. मिश्रण तेवढे यंत्र करते.

उबदार ऑफ-व्हाइटचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पिवळ्याकडे झुकणारा सायीचा रंग, तांबड्याकडे झुकणारा किंचित गुलाबी वा पीच रंग, आणि तपकिरीकडे झुकणारा वाळूसारखा रंग. छटेचा झुकाव ओळखण्यासाठी शेडकार्डाशेजारी कोरा पांढरा कागद धरावा. एकट्या छटेत न दिसणारा पिवळा किंवा गुलाबी अंश तुलनेत लगेच उघड होतो.

गोव्याचा उजेड वेगळा

सजावटीची बहुतेक पुस्तके उत्तरेकडील खोली थंड आणि दक्षिणेकडील उबदार असे सांगतात. हा नियम युरोपातील देशांना अधिक लागू पडतो. गोवा सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे मे महिन्याच्या आरंभापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. शिवाय त्यातील बराच काळ आकाश ढगांनी भरलेले असते. म्हणून येथे दिशेइतकेच ऋतूकडेही लक्ष द्यावे लागते. पावसाळी उजेड मंद आणि करडा असतो. त्यात काळ्याचा अंश असलेल्या छटा मळकट भासतात. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळचे सोनेरी ऊन शिरते, तेव्हा सायीचा रंग गडद पिवळा वाटू लागतो. अशा खोलीत वाळूसारखी फिकट छटा बरी.

दुसरी गोष्ट हिरवाईची. खिडकीबाहेर माड, पोफळी किंवा फणस असेल, तर पानांवरून परावर्तित झालेला हिरवट उजेड भिंतीवर पडतो. पिवळसर छटेवर तो पडला, की भिंत पोपटी दिसू लागते. तेथे तांबड्याकडे किंचित झुकणारी छटा घेतल्यास हिरवेपणा सौम्य होतो. उलट तांबड्या कोब्याच्या जमिनीवरून उठणारा उजेड भिंतीला आधीच गुलाबी करतो. तेथे तांबडा अंश टाळावा. जुन्या घरांतील शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा प्रकाश मऊ पण मंद असतो. त्या खोल्यांत प्रकाश अधिक परावर्तित करणारी, फिकट छटा निवडावी. हे परावर्तन ० ते १०० या मापात मोजतात. अनेक कंपन्या प्रत्येक छटेचा हा आकडा देतात. ८० किंवा त्याहून अधिक आकड्याची छटा काळोख्या खोलीस उपयोगी पडते.

दिवे आणि लाकूड

रात्री निर्णय दिव्यांच्या हाती जातो. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विन हा आकडा असतो. २७०० ते ३००० केल्विनचा प्रकाश पिवळसर, ४००० चा मध्यम, तर ६५०० चा निळसर पांढरा. निळसर प्रकाशात उबदार छटेची ऊब हरवते. पिवळसर प्रकाशात ती दुणावते. म्हणून आधी दिवे ठरवावेत, मग रंग.

सागवानी वा फणसाच्या लाकडाची दारे, जुने कपाट, देवघर यांच्याशेजारी उबदार छटा शोभते. निळसर पांढरा तेथे कठोर दिसतो. जमिनीवर निळसर पांढऱ्या फरश्या असतील, तर मात्र पिवळा रंग त्यांच्याशेजारी जुनाट वाटतो. तेथे जेमतेम उबदार छटा घ्यावी.

नमुना पाहिल्याविना डबा घेऊ नये

मोबाइलच्या पडद्यावर छटा खरी दिसत नाही. छोट्या कार्डावरील छटाही मोठ्या भिंतीवर अधिक गडद भासते, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात. म्हणून दोन छटांत मन अडकले, तर फिकट निवडावी.

दोन फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यावर नमुन्याचे दोन हात द्यावेत आणि कडेला पांढरी चौकट सोडावी. थेट भिंतीवर पट्टा ओढल्यास शेजारचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. हा पुठ्ठा खिडकीजवळ, कोपऱ्यात आणि जमिनीलगत ठेवून सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला व दिव्याखाली पाहावा. किमान दोन दिवस तरी घाई करू नये.

रंगाआधी भिंत

छटा कितीही नेमकी असली, तरी ओलसर भिंत ती टिकू देत नाही. जांभ्या दगडाची भिंत पाणी धरून ठेवते आणि फिकट रंगावर बुरशीचे काळे ठिपके सर्वांत आधी दिसतात. प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून २४ तास ठेवावा. आतून थेंब जमले, तर काम थांबवून ओलीचे मूळ शोधावे. म्हणूनच चतुर्थीसाठी रंग द्यायचा असेल, तर तो शक्यतो पावसाआधी, उन्हाळ्यातच उरकणे शहाणपणाचे. नव्या गिलाव्याला सुमारे चार आठवडे सुकू द्यावे, कारण ताज्या सिमेंटचा क्षार रंग बिघडवतो. जुन्या चुन्याच्या सफेदीवर थेट इमल्शन दिल्यास पापुद्रे सुटतात. सुटा थर खरवडून प्राइमर देणे आवश्यक.

निस्तेज फिनिश भिंतीचे उंचसखलपण झाकते, तर किंचित चकाकीचे फिनिश पुसता येते. दिवाणखान्यास पहिले, स्वयंपाकघर आणि मुलांच्या खोलीस दुसरे योग्य. छत त्याच छटेच्या निम्म्या तीव्रतेत ठेवल्यास खोली उंच वाटते. दारांना पांढरा ऑइलपेंट देताना एक ध्यानात ठेवावे : कमी उजेडात तो कालांतराने पिवळा पडतो. पाण्यात मिसळणारा रंग हा दोष टाळतो.

शेवटी, संपूर्ण खोलीचा रंग एकाच वेळी मिसळून घ्यावा आणि वापरण्यापूर्वी सर्व डबे एकत्र ढवळावेत. फिकट छटेत दोन डब्यांतील बारीक फरकही भिंतीच्या मध्यावर रेघ होऊन दिसतो. डब्यावरील मिश्रणाची चिठ्ठी जपून ठेवावी. पुढे एखादा डाग झाकायचा झाला, तर नेमकी तीच छटा पुन्हा करून घेण्यास ती उपयोगी पडते.